सात वाजताचा आकडा

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस. मी धडधाकट आहे, दोन वेळा नीट जेवते आहे आणि आज सकाळी तीन जिने एका दमात चढले. हे सगळं आधीच सांगते, कारण पाकिटावर माझं अक्षर दिसलं की तुझ्या छातीत धस्स होणार, हे मला ठाऊक आहे. मग तू म्हणशील, रोज संध्याकाळी सात वाजता फोनवर बोलतो आपण, तरी हिला कागद काळे करायची हौस कुठून आली? तर बोलतो म्हणजे काय करतो, ते बघ. तू म्हणतेस, “किती?” मी आकडा सांगते. तू म्हणतेस, “छान. ठेवते ग, यांचं सूप गार होतंय.” संपलं. माझ्या फोनवर प्रत्येक कॉल किती चालला ते दिसतं. गेल्या महिन्यातला आपला सगळ्यात लांबलेला फोन एक मिनिट चार सेकंदांचा होता, आणि त्यातले चाळीस सेकंद तू चष्मा शोधत होतीस. मला जे सांगायचंय ते एवढ्यात काही बसत नाही. आज दुकानाला सुट्टी आहे, मालकांनी चावी माझ्याकडे दिलेली आहे, म्हणून मागच्या खोलीत काच कापायच्या टेबलावर जागा करून लिहायला बसलेय. घरी बसले असते तर चार ओळींत भांडी घासायला उठले असते.

बातमी अशी आहे की गेले एकोणीस दिवस माझ्या पोटाला एक यंत्र जोडलेलं आहे. इन्सुलिनचा पंप. दोन काड्यापेट्या एकमेकींना चिकटवल्या तर होईल एवढा. तो खिशात राहतो, त्याच्यातून हातभर लांबीची बारीक नळी निघते आणि पोटावर एका गोल चिकटपट्टीखाली कातडीत शिरते. दिवसभर थेंब थेंब इन्सुलिन जात राहतं, आणि जेवणाआधी काय खाणार ते सांगितलं की त्या हिशेबाने जास्तीचं सोडतं. पोटाच्या दुसऱ्या बाजूला एक बटणाएवढा सेन्सर आहे, तो दर पाच मिनिटांनी साखर वाचून पंपाला कळवतो. लहानपणी मी सारखी तुझ्या मागे मागे असायचे म्हणून तू मला शेपूट म्हणायचीस ना, आता बघ, मलाच एक फुटलंय. खर्चाचं विचारशील, ते जमलं आहे, त्यावर एक ओळही वाया घालवत नाही. आणि एकोणीस दिवस मला का सांगितलं नाहीस, हे विचारशील, त्यासाठीच तर एवढं मोठं पत्र आहे. जरा दम धर.

तुला ती काचेची नळी आठवते? मी अकरा वर्षांची, तू सोळाची. आईला सुई बघवत नव्हती आणि बाबा तर रक्ताचा थेंब दिसला की खुर्ची शोधायचे. मग तूच म्हणालीस, आणा इकडे. माझ्याआधी तू रिकामी सुई स्वतःच्या मांडीत टोचून बघितलीस आणि मला म्हणालीस, काही नाही ग, मुंगीसुद्धा जास्त चावते. मुंगी! चांगली खोटारडी होतीस तूही. तेव्हा बोटातून रक्त काढायचं यंत्र घरोघरी कुठलं असायला. नळीत लघवीचे थेंब घ्यायचे, गोळी टाकायची, ती उकळायची आणि रंग बघायचा. निळा म्हणजे उत्तम, हिरवा म्हणजे जरा जपून, विटकरी म्हणजे आईचं रडणं. तू न्हाणीघराच्या दाराबाहेर उभी राहून ओरडायचीस, “रंग कुठला?” तुझ्या वाढदिवशी मी सगळ्यांची नजर चुकवून केकचा अख्खा कोपरा फस्त केला आणि संध्याकाळी नळीत नळाचं पाणी भरलं. निळा, ताई, मी आतून म्हणाले. तू म्हणालीस, “निळा? अगदी निळा?” आईला एक शब्द बोलली नाहीस. माझा हात धरून बाहेर काढलंस आणि इमारतीभोवती वीस फेऱ्या मारायला लावल्यास, स्वतःही वीस मारल्यास. माझ्या तोंडाला क्रीम लागलेलं होतं, ते तू अठराव्या फेरीला पुसलंस.

पुढे बोटाचं यंत्र आलं आणि रंगाऐवजी तू “किती?” विचारायला लागलीस. तुझं लग्न झालं, नऊ तासांच्या अंतरावर गेलीस, तरी विचारत राहिलीस. बेचाळीस वर्षं झाली. आई होती तोवर तो फोन म्हणजे घरातलं एक नेहमीचं काम होतं, दूध तापवण्यासारखं. आई गेली आणि मग माझ्या लक्षात आलं की दिवसभरात माझी चौकशी करणारा तो एकच आवाज उरलाय. दुकानात लोक येतात, पण ते फोटोंच्या फ्रेमबद्दल बोलतात. सोनेरी पट्टी चांगली दिसेल की काळी, काच चकाकणारी की साधी. मालक भले गृहस्थ आहेत, पण त्यांच्या तोंडून दिवसाला दहा शब्द निघाले तर त्यांतले आठ मापांचे असतात.

आता जे लिहिणार आहे ते लिहायला मला सकाळपासून तीन कागद फाडावे लागले. चार वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ. तू विचारलंस किती, आणि मी खरं ते सांगितलं, बावन्न. तू म्हणालीस, आत्ता काहीतरी गोड घे, अर्ध्या तासाने मी परत फोन करते. मी रस प्याले, बिस्किटं खाल्ली, बरं वाटलं, एप्रन खुंटीला अडकवला आणि घरी जाऊन झोपले. फोन एप्रनच्या खिशातच राहिला. तू तेवीस वेळा फोन केलास. तेवीस! दुसऱ्या दिवशी मोजले मी. सकाळी दार वाजलं, मी दात घासत होते, आणि समोर तू, पायात घरातल्या सपाता, रात्रभराच्या बसने केसांचं घरटं झालेलं. मला बघून तू उंबऱ्यातच बसलीस आणि हसायला लागलीस. आणि त्याच दुपारी तुझ्या शेजारणीचा फोन आला, की भावोजी पाणी घ्यायला एकटेच उठले आणि पडले. त्यांचा एक पाय आधीच अधू, त्यात खुबा मोडला. तेव्हापासून ते पलंगावर आहेत आणि तू पलंगाच्या बाजूला. मी एप्रन घरी नेला असता तर आज ते खुर्चीत बसून पेपर वाचत असते आणि तुला सूप गार व्हायची धास्ती नसती. मला कोणी काही बोललं नाही. तू नाही, भावोजी नाहीत, ते तर अजून विचारतात, शेपूट कसं आहे. एकदा तरी बोलली असतीस, ताई. दोन शिव्या घातल्या असत्यास तर मला घास गोड लागला असता.

त्या दिवसापासून मी तुला खरा आकडा सांगितलेला नाही. चार वर्षांत, गेल्या मंगळवारपर्यंत, एकदाही नाही. मी एक वही केली. दुपारीच त्यात संध्याकाळचा आकडा लिहून ठेवायचे, म्हणजे सात वाजता चाचरायला नको. एकशे वीस, एकशे चौतीस, एकशे सव्वीस. फार छान नाही, फार वाईट नाही, तू निवांत होशील एवढाच. खरे आकडे दोनशे तीसच्या खाली फारसे जातच नव्हते, कारण मी जाऊ देत नव्हते. एकटीने राहायचं, आणि साखर खाली गेली तर दार उघडायला कोण येणार? म्हणून झोपताना दोन बिस्किटं जास्त, सुईत दोन युनिट कमी. खाली जायचं नाही, बस्स. तू परत घरातल्या सपातांनिशी धावत यायचं नाहीस, एवढं एकच मी ठरवलं होतं. त्यापायी पायांना मुंग्या येतात आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी भुवया उंचावल्या, ते मी गिळून टाकलं.

डॉक्टरीणबाईंनी पंपाचं काढलं ते यावरूनच. म्हणाल्या, साखर घसरायला लागली की हा इन्सुलिन आपण होऊन थांबवतो, ओरडून उठवतो, तुमच्यासारख्या एकट्या राहणाऱ्या बाईला याचा फार आधार होईल. मग त्यांनी मला सिस्टरकडे पाठवलं, म्हणजे पंप शिकवणारी जी नर्स असते तिच्याकडे. तिने टेबलावर दोन प्रकार मांडले. एक नळीचा, तो मी घेतला. दुसरा बिननळीचा, सगळंच्या सगळं अंगाला चिकटतं आणि हातातल्या छोट्या यंत्रावरून चालतं. दोन्ही पोकळ नमुने मला आठ आठ दिवस लावून बघायला दिले. दिसायला दुसरा झकास, मी जवळजवळ हो म्हणाले होते. कामात एप्रन असतो, खांद्यावरून पट्ट्या न्यायच्या असतात, नळीचं लोढणं कशाला? पण तो दंडाच्या मागच्या बाजूला छान बसतो म्हणे, आणि माहितीच्या कागदावर एका बाईच्या दंडावर तो लावून देणारा हात छापलेला होता. नुसता हात. कुणाचा तरी. मी आरशासमोर उभी राहून स्वतःचा हात मागे नेऊन बघितला, चिकटपट्टी दोनदा वाकडी बसली आणि तिसऱ्यांदा केसांत गेली. तो पोटावरही लावता येतो असं सिस्टर म्हणाली. पण मला त्या कागदाचाच राग आला होता, काय करू? मी म्हणाले, मला नळीचाच द्या. त्याच्या कागदावर एक बाई स्वतःच स्वतःच्या पोटाला लावत होती.

मग सिस्टर म्हणाली, पंपात सुरुवातीचे डोस भरायचे तर आधीच्या नोंदी हव्यात, रोजचे आकडे लिहिता ना? मी मोठ्या ऐटीत वही काढून दिली. तीच वही, ताई! माझ्याकडे दुसरी नव्हतीच. ती पानं उलटत गेली, एकशे वीस, एकशे तीस, पानामागून पान. मग तिने माझा तीन महिन्यांचा रक्ताचा रिपोर्ट शेजारी ठेवला, त्यातली सरासरी दोनशे चाळीस. चष्मा काढून पुसला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, ही वही तुम्ही कुणासाठी लिहिता? मला इतकी लाज वाटली की मी खिडकीबाहेरच्या गाड्या बघत बसले. शेवटी म्हणाले, ताईसाठी. तिने काही प्रवचन दिलं नाही. नवी कोरी वही दिली आणि सांगितलं, ही माझ्यासाठी लिहा, दोन आठवडे, आहे तसं. त्या दोन आठवड्यांत दिवसभर मी सिस्टरच्या वहीत दोनशे सत्तर लिहायचे आणि सात वाजता तुझ्या कानात एकशे तीस घालायचे. कारकुनी केली नुसती.

पंप लावायच्या दिवशी सोबत एक माणूस आणा असं दवाखान्याच्या पत्रात ठळक लिहिलं होतं, कधी बेशुद्ध पडलं तर काय करायचं ते त्या माणसाला शिकवतात. वर्गात आम्ही चौघं. एका मुलीबरोबर तिची आई, एका म्हाताऱ्याबरोबर त्याची सून, एक जोडपं तर सारखं एकमेकांना चिमटे काढत होतं. माझ्या शेजारी खुर्ची. सिस्टरने विचारलं, तुमचं कोण येणार? मी म्हणाले, ताई वाटेत आहे. तोंडातून निघून गेलं. मग त्या खुर्चीवर माझी पर्स ठेवली, म्हणजे कोणी खुर्ची उचलून नेऊ नये. अडीच तास पर्स तिथे बसली होती. मध्ये सुट्टी झाली तेव्हा ती सून मला म्हणाली, अजून नाही पोचल्या? मी म्हणाले, बस चुकली असेल. तुला सांगितलं असतं तर तू आली असतीस, हेच तर भय होतं. भावोजींना कोणाच्या तरी गळ्यात टाकून, नऊ तास बसून आली असतीस.

दुसऱ्या आठवड्यात फजिती झाली. फ्रेमच्या कोपऱ्यांचे नमुने ठेवायचे ड्रॉवर आहेत ना दुकानात, त्यातल्या एकाच्या मुठीत नळी अडकली, मी वळले आणि पोटावरची पट्टी अर्धी निघाली. मला कळलंच नाही. इन्सुलिन एप्रनमध्ये झिरपत राहिलं आणि साखर चढत राहिली. बरोबर सात वाजता तुझा फोन, आणि त्याच वेळी खिशातून पंप कोकलायला लागला. तू म्हणालीस, किती? मी म्हणाले, एकशे अठ्ठावीस. तू विचारलंस, कसला ग आवाज? मी म्हणाले, दुकानात नवीन कपाट आलंय, दार उघडं राहिलं की ओरडतं. तू म्हणालीस, बरं, छान. नऊ सेकंद. मी पंप काढून बघितला तर तीनशे अकरा. मग शिकवल्याप्रमाणे आधी सुईने डोस घेतला आणि याच टेबलावर नवीन सेट, म्हणजे नळी आणि पट्टी, काढला. घाईघाईत पहिला वाकडा गेला, वाया. दुसरा बसला. तासाभरात पंपावरचा साखरेचा बाण खाली वळला. ताई, मला इतका आनंद झाला! कुणाला तरी सांगावं असं झालं, की मी एकटीने केलं, जमलं मला. मालक कधीचेच गेले होते. समोर एका गिऱ्हाइकाच्या आजोबांचा फोटो होता, काच बसवायची राहिलेला. त्यांनाच सांगितलं. मोठ्याने. आणि मग मला रडू आवरेना.

पण आता पंपाची घडी खरंच बसतेय. गेल्या मंगळवारी सात वाजता मी पंपाकडे बघितलं, एकशे अठरा. खराखुरा. आदल्या रात्रभर पंपावरची साखरेची रेघ सरळ, बिस्किटं न खाता झोपलेली मी सकाळी जिवंत, पायही हलके. तुझा फोन आला. किती? मी म्हणाले, एकशे अठरा. चार वर्षांत पहिल्यांदा तुला खरं सांगितलं मी, आणि तू म्हणालीस, छान, ठेवते. रोज म्हणतेस तसंच. तुझी काय चूक, तुला तर मी रोजच तसला आकडा देत आले. पण फोन ठेवल्यावर मला इतकं एकटं वाटलं, तेवढं तर आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं. त्याच रात्री ठरवलं की लिहायचं.

आणि आता कामाचं. पंपाचा आकडा माझ्या फोनवर येतो, आणि तिथून तो आपल्या माणसांच्याही फोनवर पाठवता येतो. तिथे पाच नावांची जागा आहे. पाच! सिस्टर दर भेटीला विचारते, कोणाला जोडलं का, आणि मी म्हणते, बघते. पाचही जागा कोऱ्या आहेत. तुझं नाव मी तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. कारण तुला आकडा आपोआप दिसायला लागला की तू निश्चिंत होशील, आणि मग सात वाजता तुला विचारायला काही उरणारच नाही. ही भीती होती, दुसरं काही नाही. म्हणूनच पंप लपवला. आज हे पत्र टाकून आले की मी तुझं नाव लिहिणार आहे. तुला हे पत्र मिळेपर्यंत तुझ्या फोनवर निमंत्रण आलेलं असेल, ते स्वीकार, तुझ्या लेकीला सांग, ती दोन मिनिटांत करून देईल. यापुढे सगळं खरं दिसेल तुला, चांगलं आणि वाईट. आकडा लाल दिसला तरी धावायचं नाही, पंप स्वतः थांबतो, आणि आता माझा फोन एप्रनमध्ये नाही, गळ्यात असतो. भावोजींना सांग, शेपटाने माफी मागितली आहे. पण ताई, सात वाजता फोन करायचा. किती विचारू नकोस, ते दिसेलच. दुसरं काहीही विचार. काय जेवलीस विचार, दुकानात कोणाची फ्रेम आली विचार, आणि मीही विचारीन, तुझी पाठ कशी आहे, तू दिवसभर कोणाशी बोलतेस, जे मी चार वर्षांत एकदाही विचारलं नाही. एकटी पडलेय ग मी. आणि फोन आला नाही ना, तर सांगून ठेवते, केकचा अख्खा कोपरा खाईन, आणि या वेळी नळीत पाणी भरता येणार नाही. तुला तिथे बसल्या जागी दिसेल.

तुझंच,
शेपूट